डॅन्यूबवर कोणती लेन्स?

प्रश्न : सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं डॅन्यूब नदीतून जर्मनीतल्या पासाऊ ते हंगेरीतल्या बुडापेस्ट क्रूझने जातोय. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यासोबत किती लेन्स नेऊ? ट्रायपॉड हवा का? – एक वाचक, दादर

उत्तर : ट्रायपॉड घरीच ठेवा. इंजिनाची थरथर त्याच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात चढते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना मी हे करून पाहिलंय, एकही फोटो धड आला नाही. २४-१०५ एमएमची (रुंद दृश्यापासून जवळच्यापर्यंत टिपणारी) एकच झूम ऑस्ट्रियातल्या वाखाऊ खोऱ्याचे द्राक्षमळे आणि मेल्कचा पिवळा मठ, दोन्ही सांभाळते. पण ३५ एमएम, एफ १.८ ही कमी उजेडात जास्त प्रकाश आत घेणारी लेन्स नक्की घ्या. रात्री बुडापेस्टचं संसद भवन सोनेरी उजळतं, तेव्हा बोट चालती असते. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० ठेवा, शटरचा वेग १/१२५ सेकंदापेक्षा मंद नको, नाहीतर फोटो हलेल. आणि हो, विमानात जादा बॅटऱ्या केबिन बॅगेतच!