‘योजना पाठ आहेत, पण बदलत तर काहीच नाही’

पुण्यात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलेमुली समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात एक प्रश्न वारंवार येतो. राज्यघटना, पंचायतराज, शासकीय योजना हे सारे पाठ आहे, परंतु गावी गेल्यावर त्यातले काहीच दिसत नाही. मग हे समजून घेऊन उपयोग काय, आणि माझ्या एकट्याच्या धडपडीने काय होणार? पालक हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारतात. मुलगी बातम्या वाचून चिडते, फोनवर वाद घालते, अभ्यासावरून तिचे लक्ष उडाले आहे, तेव्हा तिला या विषयांपासून दूर ठेवावे का? या दोन्ही प्रश्नांना लागू पडणारा एक अनुभव येथे देत आहे. संबंधित तरुणीची संमती घेतलेली असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती मराठवाड्यातील एका लहान गावाची, विज्ञान शाखेची पदवीधर, वय तेवीस. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसून राज्यसेवेचा अभ्यास करत होती. झोप लागत नाही, पुस्तक उघडले की छातीत धडधडते आणि घरी फोन केला की भांडण होते, अशी तिची तक्रार होती. अशा वेळी समुपदेशकाने आधी नैराश्याची लक्षणे तपासायची असतात. भूक, झोप, स्वतःला इजा करण्याचे विचार यांविषयी मी तिला स्पष्टपणे विचारले. तसे गंभीर काही आढळले असते, तर पुढचा सारा मार्ग वेगळा झाला असता आणि मानसोपचारतज्ज्ञांची मदत प्रथम घ्यावी लागली असती. तसे नव्हते. तिला राग आला होता, आणि त्या रागाला कारण होते.

तिची धाकटी बहीण नववीत शिकत होती. शाळा सात किलोमीटरवरच्या मोठ्या गावात. शाळा भरून तासभर झाला की एसटी गावात यायची, आणि परतीची गाडी शाळा सुटण्याच्या आधीच निघून जायची. मुली एक तर काळी-पिवळीत कोंबून जात, नाही तर घरी राहत. त्या वर्षी गावातल्या दोन मुलींचे शिक्षण त्यामुळे थांबले होते. ‘मॅडम, अहिल्याबाई होळकर योजना, पाचवी ते बारावीच्या मुलींना मोफत एसटी पास, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. प्रश्न आला तर माझा गुण जाणार नाही. पण बहिणीला शाळेत पोहोचवणारी गाडी नाही,’ असे ती म्हणाली. तिच्या मते याला सरकार जबाबदार होते आणि सरकार कधीच बदलत नसते.

येथे दोन सोपे मार्ग असतात आणि मला दोन्ही नापसंत आहेत. एक म्हणजे तिला दीर्घ श्वसन शिकवून ‘बातम्या कमी पाहा’ असे सांगणे; त्यामुळे न्याय्य संतापाला आजार ठरवल्यासारखे होते. दुसरा म्हणजे ‘खरेच आहे, सगळे सडलेले आहे’ असे म्हणून तिची बाजू घेणे. त्याने तिला घटकाभर बरे वाटले असते, परंतु हाती काही लागले नसते. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असा निष्कर्ष काढला गेला होता, की काहीही केले तरी त्रास थांबत नाही हा अनुभव आला की प्राणी प्रयत्न सोडून देणे शिकतो. जवळजवळ पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, मेंदूच्या अभ्यासाच्या आधारे त्याच दोघांनी आपली मांडणी उलटी केली. दीर्घकाळच्या त्रासापुढे हातपाय गाळणे ही मूळचीच प्रतिक्रिया असते. शिकावे लागते ते यातला काही भाग आपल्या हातात आहे हे. तरुणांशी सार्वजनिक प्रश्नांविषयी बोलताना मला ही दुसरी मांडणी फार उपयोगाची वाटते, कारण मग समुपदेशनाचे काम ठरते. कोणता भाग हातात आहे, हे त्या व्यक्तीला स्वतः शोधता आले पाहिजे.

म्हणून मी तिला सरकार हा शब्द बाजूला ठेवून एका कागदावर चार प्रश्नांची उत्तरे लिहायला सांगितली. पास मोफत असावा हे कोण ठरवते? त्या पासचे पैसे कोण भरते? गाडी किती वाजता सुटावी हे कोण ठरवते? तालुक्याला गाड्या किती मिळाव्यात हे कोण ठरवते? पहिल्या दोन्हींचे उत्तर तिला ठाऊक होते: निर्णय राज्य शासनाचा आणि सवलतीच्या रकमेची प्रतिपूर्तीही शासनच एसटी महामंडळाला करते. तिसऱ्या प्रश्नाला ती अडली. वेळापत्रकाचा विषय तालुक्याच्या आगारात आणि त्यावर विभाग नियंत्रकांच्या कार्यालयात येतो, म्हणजे मुंबईच्या कितीतरी अलीकडे, हे तिच्या एकाही टिपणात नव्हते. चौथ्या प्रश्नाने आणखी एक दार उघडले. तिचा तालुका मागास तालुक्यांसाठी राज्य शासनाने आखलेल्या मानव विकास कार्यक्रमातील 125 तालुक्यांपैकी होता, आणि या कार्यक्रमातून खास मुलींच्या शाळेसाठी दिलेल्या निळ्या बस तिने लहानपणापासून पाहिल्या होत्या. त्या कोणत्या निधीतून येतात, हे मात्र तिने कधी विचारले नव्हते. परीक्षेच्या पुस्तकांत योजनेचे नाव, वर्ष आणि लाभार्थी असतात. ती कोणाच्या टेबलावर अडते याचा उल्लेख सहसा नसतो, आणि माझ्या मते आपल्या तरुणांच्या हताशेचे एक मोठे कारण तेथे आहे.

तिने माहितीच्या अधिकारात अर्ज करायचे ठरवले. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारणपणे 150 शब्दांत असावा लागतो. ही मर्यादा अर्जदारांना जाचक वाटते आणि तिच्यावर टीकाही झाली आहे. या मुलीला मात्र तिने मदतच केली. पहिला मसुदा तीन पानांचा होता आणि त्यात बहिणीच्या मैत्रिणींपासून मंत्र्यांपर्यंत सर्व काही होते. शेवटच्या मसुद्यात एवढेच उरले: या मार्गावरील फेऱ्यांचे सध्याचे वेळापत्रक, ते केव्हा आणि कोणत्या मागणीवरून ठरवले त्याच्या कागदपत्रांच्या प्रती, आणि तालुक्यातील मानव विकासच्या बसचे मार्ग. शुल्क दहा रुपये. त्या मसुद्यांवर काम करण्याच्या काळातच तिची झोप सुधारू लागली, हे मी नोंदवून ठेवले आहे.

कायद्याने दिलेल्या तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर आले. वेळापत्रक शाळा दोन सत्रांत भरत होती तेव्हाचे होते. शाळेची वेळ नंतर बदलली, परंतु आगाराकडे तशी लेखी मागणी कोणी केली नव्हती. शाळेला वाटले ग्रामपंचायत कळवेल आणि ग्रामपंचायतीला वाटले शाळा कळवेल. कोणी खलनायक नाही हे कळल्यावर तिला हायसे वाटण्याऐवजी थोडा अपेक्षाभंगच झाला, आणि त्यावर आम्हांला बराच वेळ बोलावे लागले. एखाद्यावर रागावता येणे हाही एक आधार असतो, आणि तो गेला की काही काळ रिकामे वाटते. त्यानंतर तिच्या वडिलांनी विषय ग्रामसभेत मांडून ठराव करून घेतला, मुख्याध्यापकांनी मुलींच्या संख्येसह पत्र दिले आणि सकाळची फेरी पुढच्या सत्रापासून अलीकडे आली. संध्याकाळची आली नाही, कारण त्या वेळी तीच गाडी दुसऱ्या गावच्या मुलींना घेऊन जाते.

त्यावर तिने विचारले, की ही एक गाडी झाली, पण व्यवस्था बदलली असे याला म्हणता येईल का? म्हणता येणार नाही, असेच मी सांगितले. एका फेरीची वेळ बदलणे आणि गाड्यांच्या वाटपाचा निकष बदलणे ही वेगळ्या जातीची कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाला किती काळ लागतो याची कल्पना तरुणांना दिली नाही, तर ते पहिल्या वर्षातच थकतात. मी तिला तिच्या आजीविषयी विचारले. आजीने 1972 च्या दुष्काळात खडी फोडली होती, कामावर मिळणारी सुकडी खाल्ली होती. घरात या गोष्टी सर्वांना ठाऊक होत्या. ते काम ज्या रोजगार हमीच्या विचाराशी जोडलेले होते, त्याचा प्रयोग विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातील आपल्या विसापूर गावाच्या परिसरात केला होता. दुष्काळाने योजनेला राज्यभर नेले, 1975 मध्ये तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर बसवण्यात आला, 1977 मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. (पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या दोनशे रुपयांचा उगम दुष्काळी कामात आहे, हे माझ्या ओळखीच्या नोकरदारांपैकी फारच थोड्यांना माहीत आहे.) 2005 मध्ये संसदेने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. या साऱ्या प्रवासात मजुरांचे मोर्चे होते, बनावट हजेरीपटांचे घोटाळे होते आणि मजुरी थकल्याच्या तक्रारीही होत्या. तिने ही सनावळी आधीच पाठ केलेली होती. आपल्या आजीचे नाव त्यातल्या एखाद्या हजेरीपटावर असेल, असे मात्र तिच्या मनात आले नव्हते.

आता पालकांच्या प्रश्नाविषयी. मुलांना या विषयांपासून तोडल्याने चिंता कमी होते असे मला दिसलेले नाही. कमी होते ते घरातले बोलणे. मात्र मर्यादा आवश्यक असते. या मुलीशी मी असे ठरवले, की आठवड्यातून एकच संध्याकाळ या कामासाठी द्यायची, एका वेळी एकच प्रश्न घ्यायचा, रात्री झोपण्यापूर्वी बातम्यांचे व्हिडिओ पाहायचे नाहीत, आणि अर्जाला उत्तर येण्याच्या मुदतीची तारीख वहीत लिहून तोपर्यंत तो विषय मिटलेला समजायचा. कोणत्या पक्षाचे बरोबर आणि कोणाचे चूक यावर मी मत देत नाही, आणि पालकांनीही समुपदेशकाकडून तशी अपेक्षा ठेवू नये. ज्या घरांत मूल झोपेविना दिवस काढत आहे किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत आहे, तेथे मात्र धोरणाची चर्चा थांबवून उपचार घ्यावेत. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येते.

तिची पूर्वपरीक्षा जवळ आली असल्याने संध्याकाळच्या फेरीचे काम तिने सध्या वडिलांकडे सोपवले आहे. आगाराचे म्हणणे असे, की जादा बस मिळण्याचा निर्णय त्यांच्या हातात नाही. ती मागणी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा मानव विकास समितीकडे करावी लागेल, आणि आजूबाजूच्या गावांच्या ग्रामसभांचे ठराव सोबत असल्यास ती अधिक वजनदार होईल. वडील त्यासाठी शेजारच्या गावाच्या सरपंचांना भेटले आहेत. ठराव अजून झालेला नाही.