चिऱ्याची भिंत आणि महिन्याचे 944 रुपये

गोव्यातल्या सावईवेऱ्याहून एका ताईंचं पत्र आहे. घर जुनं, राजांगणाचं. फायबर कनेक्शन 100 एमबीपीएसचं, महिना 699 अधिक जीएसटी. कंपनीने दिलेला मोडेम सोप्यावर, टीव्हीच्या मागे. ताई पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करतात, मागच्या खोलीत बसून, आणि तिथे मीटिंग हमखास अडकते. मुलगा बारावीत, त्याचे क्लासही त्याच खोलीत. त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत. 300 एमबीपीएसचा 1,499चा प्लॅन घ्यायचा, 13,500चा मेश सेट, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या वायफाय डब्यांचा संच, सहा महिन्यांच्या हप्त्यांवर घ्यायचा, किंवा कंपनीच्या माणसाकडून दरमहा 150 रुपये भाड्याने वायफायचा दुसरा डबा बसवून घ्यायचा. शेवटी विचारलंय, 'की आवर्तक ठेव मोडून मेश रोखीनेच घेऊ?'

ताई, ठेव मोडू नका. प्लॅनही वाढवू नका.

तुम्ही स्पीड मोजून पाठवलात हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्या आकड्यांतच आहे. सोप्यावर 92, माजघरात 31, मागच्या खोलीत 4, कधी 3. म्हणजे कंपनी ज्याचे पैसे घेते ते घरापर्यंत आणून देते आहे. पुढे अडवतात त्या तुमच्या चिऱ्याच्या भिंती. वायफायच्या दोन पट्ट्या असतात. 5 गिगाहर्ट्झची वेगवान, पण जाड भिंतीपुढे लगेच दमते, 2.4ची हळू, पण ती जरा लांब पोचते. हातभर जाडीच्या दोन भिंती ओलांडल्यावर तुमच्या वाट्याला उरते ती दुसरीच, तीही थकलेली. 300चा प्लॅन घेतलात तर सोप्यावर आकडा छान दिसेल आणि मागच्या खोलीत तेच 4 राहतील. विहिरीला पाणी आहे, न्हाणीपर्यंत नळ नाही, आणि आपण विहीर आणखी खोल करायला निघालोय.

तशी गरज तरी किती आहे? व्हिडिओ मीटिंगला तीन-चार एमबीपीएस पुरतात, एचडी मालिकेला पाच, 4के चित्रपटाला पंधराच्या आसपास. सासूबाईंची मालिका, मुलाचा क्लास आणि तुमची मीटिंग एकाच वेळी चालली तरी पन्नास गाठणार नाही.

आता हिशेब. दोन प्लॅनमध्ये फरक 800चा, 18 टक्के जीएसटी धरून महिन्याला 944, वर्षाला 11,328. तीन वर्षांत चौतीस हजार, आणि मागची खोली जिथल्या तिथे. भाड्याचा डबा जीएसटीसह महिना 177 पडतो. मी सांगतो ती वाट चौथी: मोडेमपासून मागच्या खोलीपर्यंत केबल ओढायची आणि तिथे स्वतःचा राउटर लावायचा. तुम्ही फोंड्याच्या दुकानातला साध्या वायफाय 6 पिढीच्या राउटरचा भाव लिहिलाय 2,900. केबल आणि ठोकाठोकीचे 800 धरा, झाले 3,700. भाड्यात एवढे पैसे एकवीस महिन्यांत जातात आणि डबा शेवटी कंपनीचाच. स्वतःचा राउटर उद्या कंपनी बदललीत तरी तुमच्याकडे राहतो.

मेश वाईट नाही. पण बिनतारी मेशच्या डब्यांनाही एकमेकांशी त्याच भिंतीतून बोलावं लागतं. केबल ओढायची असेल तर साडेतेरा हजारांचं काम तीन हजारांचा राउटर करतो. शिवाय ते 'नो-कॉस्ट' हप्ते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज प्रोसेसिंग फीमध्ये नाहीतर हुकलेल्या सवलतीत बसलेलं असतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी फुकटचं: मोडेम टीव्हीमागून काढून मोकळ्यावर ठेवा आणि पुन्हा मोजा. मग कुणाकडून तरी लांब लॅन केबल उसनी आणा, मागच्या खोलीपर्यंत जमिनीवरूनच ओढा आणि लॅपटॉपला लावा. नव्वदच्या आसपास आकडा आला की मगच दुकानात जा. राउटर गिगाबिट पोर्टचा, म्हणजे केबलच्या जागी 1000 एमबीपीएसपर्यंत वेग पेलणारा घ्या. तीन वर्षांची वॉरंटी देणारे ब्रँड आहेत, बिल जपून ठेवा.

बसवताना राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाका. म्हणजे घरातल्या उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते (आयपी) वाटायचं काम एकटा मोडेम करतो. दोघेही वाटायला लागले तर साधं ब्राउझिंग चालतं, पण बाहेरून सीसीटीव्ही बघायला किंवा मुलाच्या गेमला अडचण येऊ शकते. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, फोन बहुतेक वेळा आपणच जवळचा पकडतो. कंपनीचा मोडेम मात्र काढू नका. फायबरमधला प्रकाश वाचायचं काम तोच करतो, लँडलाइन असली तर तीही त्याच्यावरच असते.

केबल माजघरातून, भिंतीच्या कडेने न्या, राजांगणावरून नको. हे मी अनुभवाने सांगतोय. आमच्याकडे मी ती अंगणावरून, कपड्यांच्या दोरीला बांधून नेली होती, दोनशे रुपये वाचवले म्हणून खूश होतो. ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाची एक वीज जवळच कुठेतरी कडाडली आणि राउटर, मोडेम दोन्ही गेले. फायबर काचेचा, त्यातून वीज येत नाही. पण लॅन केबल तांब्याची असते. कंपनीने मोडेमचे पैसे अनामतीतून कापले, वर मला नवा राउटर. दोनशेपायी साडेचार हजार.

वाचलेल्या पैशांतून काही घ्यायचंच असेल तर मेशच्या आधी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, दोन्ही डब्यांना पुरेल असा. पावसाळ्यात आपल्याकडे करंट किती वेळा जातो हे तुम्हाला मी काय सांगू. फायबरच्या वाटेवरच्या फाट्यांना वीज लागत नाही, त्यामुळे पलीकडे कंपनीकडे बॅकअप असेल आणि तुमचे डबे चालू असतील तर काळोखातही मीटिंग चालू राहते. दहा वॉटचा राउटर दिवसरात्र चालला तरी वर्षाला 88 युनिट खातो, त्याची काळजी नको.

आणि पत्राच्या तळाला तुम्ही सहज लिहिलेलं वाक्य: 'आमची कंपनी इंटरनेटच्या बिलाचे हजारापर्यंत देते, पण कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर आहे.' अहो ताई, महिन्याचे 825 म्हणजे वर्षाला 9,900 रुपये तुम्ही सोडताय! सासऱ्यांची सही आणि तुमचं आधार घेऊन कनेक्शन तुमच्या नावावर करून घ्या, त्यांची संमती असेल तर. एचआरला दोन गोष्टी विचारा: मागच्या महिन्यांची बिलं चालतील का, आणि हे पैसे बिलावर भरपाई म्हणून मिळतात की भत्ता म्हणून पगारात मिसळून. करात फरक तिथे पडतो. राउटरचं बिलही जोडून बघा; नाही म्हणाले तर म्हणाले. हे काम चवथीच्या आधी उरका, नंतर पंधरा दिवस घर पाहुण्यांचं असतं आणि सोप्यावर गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीखाली मोडेमपर्यंत हातही पोचायचा नाही.