डावीकडून वाहतूक असलेल्या देशातली कार उजवीकडच्या देशात नेताना हेडलाइट बदलावे लागतात का? काचेवर ई१ आहे, म्हणजे दिवा जर्मन, मग काळजी नाही ना? आणि काही देश डावीकडून, काही उजवीकडून का चालवतात?

काहीतरी करावं लागतंच. आणि ई१ म्हणजे जर्मन माल नव्हे. खरं तर एवढ्यावर उत्तर संपतं, पण तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य जसंच्या तसं मी सहा वर्षांपूर्वी माझ्या साडूंच्या तोंडून ऐकलं होतं. त्यावरून आमचं जे बिनसलं ते अजून पुरतं सांधलेलं नाही. त्यामुळे जरा लांबण लागेल.

मी ब्रिटनमध्ये गाड्यांचे सुटे भाग विकतो आणि बसवतो. दिवे हे माझं रोजचं काम. साडूंच्या कारचा डावा हेडलाइट पार्किंगमधल्या खांबाला लागून फुटला, तेव्हा मी म्हणालो, आठवडाभर थांबा, मागवतो. त्यांनी थांबायच्या ऐवजी एका परदेशी विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतला, निम्म्या किमतीत. रविवारी जेवायला गेलो तर खोकं टेबलावरच होतं. त्यांनी दिवा बाहेर काढला, काचेच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघ, ई१. जर्मनीत बनलाय. तुझ्या दुकानात तरी असला मिळतो का?"

मी दिवा खिडकीशी नेला आणि काच उजेडात तिरपी धरली. वर्तुळात ई आणि १, खाली मंजुरीचा क्रमांक, बाजूला दिव्याचा प्रकार सांगणारी एचसीआर ही अक्षरं. मी शोधत होतो तो बाण. बाण नव्हता.

हा बाण म्हणजेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. लो बीमचा, म्हणजे एरवी लावायच्या खालच्या झोताचा उजेड दोन्ही बाजूंना सारखा पडत नाही. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला तो एका आडव्या रेषेवर कापलेला असतो आणि आपल्या कडेला, म्हणजे पादचारी आणि पाट्या असतात त्या बाजूला, साधारण १५ अंशांनी वर चढतो. वाहतूक डावीकडून असेल तर तो डावीकडे चढायला हवा, उजवीकडून असेल तर उजवीकडे. बाजू चुकली की तो चढलेला उजेड थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. म्हणून फक्त डावीकडच्या वाहतुकीसाठी बनवलेल्या दिव्यावर आडवा बाण असतो. गाडीसमोर उभे राहिलात तर तो तुमच्या उजव्या हाताकडे वळलेला दिसेल. दोन्ही टोकांना बाण असेल तर दिवा दोन्हीकडे चालतो. बाणच नसेल तर दिवा फक्त उजवीकडच्या वाहतुकीचा.

हे मी जेवणाच्या टेबलावर सगळं सांगितलं. साडू म्हणाले, "बाणाचं काय घेऊन बसलास, ई१ आहे ना?" मेहुणी समोर, मुलं भुकेली, बायको डोळ्यांनी मला पुरे म्हणत होती. मी जेवण झाल्यावर तो दिवा बसवून दिला. बसवायला नको होता. आजही दुकानात कुणी चुकीच्या बाजूचा दिवा घेऊन आला की मला तो रविवार आठवतो आणि मी तो परत पाठवतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

पुढच्या शुक्रवारी रात्री आम्ही एका ओळखीच्यांकडून परतत होतो. साडू चालवत होते, मी शेजारी. रस्त्याला दिवे नाहीत, दुभाजक नाही. समोरून येणारी जवळपास प्रत्येक गाडी हेडलाइट मारत होती. साडूंना वाटत होतं की तेच लोक हाय बीमवर आहेत, आणि ते त्यांच्यावर चिडत होते. मग एका वळणावर समोरची व्हॅन अचानक कडेला दबली, तिची कडेची चाकं गवतात गेली आणि दगडधोंडे उडाल्याचा आवाज माझ्या खिडकीपर्यंत आला. ती सावरली आणि निघून गेली. कुणाला काही झालं नाही. पण मागच्या सीटवर माझी मुलगी झोपलेली होती, आणि त्या व्हॅनमध्येही कुणाचं तरी कुणी असणारच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांची कार दुकानाच्या मागच्या भिंतीसमोर उभी केली आणि लो बीम लावला. उजव्या दिव्याची रेघ डावीकडे चढत होती, नव्या डाव्या दिव्याची उजवीकडे. दोन्ही मिळून भिंतीवर उजेडाची फुली झाली होती. मी खडूने ती फुली आखून साडूंना बोलावलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "भिंत वाकडी असेल." दोन आठवड्यांनी एमओटी, म्हणजे इथली वार्षिक तपासणी होती. त्यात कार नापास झाली, कारणाच्या रकान्यात डावा हेडलाइट. मग घरी खोकं उलटंपालटं करून बघितलं तर तळाशी बारीक अक्षरात मेड इन चायना.

दिवा वाईट नव्हता, हेही सांगतो. काच स्वच्छ, रिफ्लेक्टर एकसारखा, काम नीट केलेलं. तो चुकीच्या बाजूचा होता, बस्स. पण साडूंनी नातेवाइकांत सांगितलं ते असं, की त्यांनी माझ्याकडून माल घेतला नाही म्हणून मी त्यात खोट काढली.

आता ई-क्रमांक. १९५८ साली जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या छत्राखाली एक करार झाला. त्याचा अर्थ एवढाच, की एका सदस्य देशाने तपासून मंजूर केलेला भाग इतरांनी पुन्हा तपासायचा नाही. देश ज्या क्रमाने करारात आले तसे त्यांना क्रमांक मिळाले: जर्मनी १, फ्रान्स २, इटली ३, नेदरलँड्स ४, स्वीडन ५, ब्रिटन ११. जपान बऱ्याच उशिरा आला, म्हणून तो ४३. म्हणजे ई१ चा अर्थ असा, की या दिव्याच्या नमुन्याला जर्मन यंत्रणेने मंजुरी दिली. दिवा कारखान्यातून कुठे बाहेर पडला हे तो आकडा सांगत नाही. एखाद्याच्या पासपोर्टावर जर्मनीचा व्हिसा आहे म्हणून तो माणूस जर्मन ठरतो का?

हीच गफलत बारकोडच्या बाबतीत होते. ८९० ने सुरू झाला म्हणजे भारतीय माल, ६९० म्हणजे चिनी, असे संदेश अजून फिरतात. ते आकडे कंपनीने कोणत्या देशाच्या संस्थेकडून क्रमांक घेतला ते सांगतात, पुढे माल कुठेही बनो. गाडी परदेशी नेताना मागे लावायच्या लंबगोल स्टिकरवरच्या देशाच्या अक्षरांचंही तेच: नोंदणी कुठली ते कळतं, गाडी कुठे बनली ते नाही. तुमची कार ब्रिटनची असेल तर आता तिथे यूके हवं. २८ सप्टेंबर २०२१ पासून जीबी चालत नाही.

आणि ज्या खुणा खरोखर मूळ देश सांगतात त्यांचाही इतिहास बघा. 'मेड इन जर्मनी' ही पाटी जर्मनांनी अभिमानाने सुरू केली नाही. ती १८८७ च्या ब्रिटिश कायद्यामुळे लागली, कारण जर्मनीतल्या झोलिंगेनच्या सुऱ्या-कात्र्यांवर ब्रिटनमधल्या शेफिल्डचं नाव घालून त्या विकल्या जात होत्या आणि ब्रिटिश गिऱ्हाइकाला सावध करायचं होतं. जर्मन कारखान्यांनी माल इतका सुधारला की तीच पाटी त्यांची शान झाली. उलट स्विस माणसांनी आपलं नाव कायद्याने जपलंय: २०१७ पासून कारखान्यात बनलेल्या वस्तूला स्विस म्हणायचं तर उत्पादनखर्चाचे किमान ६० टक्के स्वित्झर्लंडमध्ये व्हायला हवेत. म्हणून मी साडूंना त्या दिवशीही म्हणालो होतो, खूण कुणी लावली आणि कशासाठी, ते आधी विचारा. ते ऐकायला तयार नव्हते. हे उत्तर त्यांच्यापर्यंत पोचलं तर बरंच होईल.

काही देश डावीकडून आणि काही उजवीकडून का चालवतात, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. तलवार उपसणाऱ्या घोडेस्वारांच्या गोष्टी सोडा. बहुतेक ठिकाणी उत्तर शेजारी कोण, राज्य कुणाचं आणि गाड्या कुठून येतात यात मिळतं. सामोआ २००९ साली उजवीकडून डावीकडे गेला, कारण न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातून स्वस्त जुन्या गाड्या आणता याव्यात. स्वीडनचे शेजारी उजवीकडे होते आणि तिथल्या बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंगही डावीकडेच होतं, तरी १९५५ च्या सार्वमतात जवळपास ८३ टक्के लोकांनी बदलाला नकार दिला. सरकारने तरीही ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे पाच वाजता बाजू बदलली. मला त्यातली दिव्यांची गोष्ट सर्वांत आवडते. बदलाआधी तिथे काही गाड्या उजवीकडच्या वाहतुकीचे दिवे लावूनच विकल्या गेल्या आणि काचेवरचा, उजेड उजवीकडे चढवणारा भाग स्टिकरने झाकून ठेवला. स्टिकरवर लिहिलं होतं, ३ सप्टेंबर १९६७ पूर्वी काढू नये. एका अख्ख्या देशाला हे कळलं होतं.

तुमच्या कारचं बोलायचं तर, आठ-पंधरा दिवसांची सहल असेल तर हेडलाइटवर लावायचे डिफ्लेक्टर स्टिकर, म्हणजे चढणारा उजेड अडवणारे किंवा वळवणारे तुकडे, पुरतात. ते तुमच्या मॉडेलच्या नकाशाप्रमाणेच लावा, अंदाजाने नको. बोटीतून उतरल्यावर अंधारात लावायची वेळ येऊ देऊ नका. निघायच्या आदल्या दिवशी, काच पुसून, भिंतीसमोर. काही दिव्यांना मागे छोटा खटका असतो, तर एलईडीच्या बऱ्याच नव्या गाड्यांत ही सोय मेनूत असते. मॅन्युअल वाचल्याशिवाय स्टिकर विकत घेऊ नका. कायमचं जात असाल तर मात्र स्टिकरवर भागवू नका, दोन्ही दिवे बदला. दिवा कुणाकडूनही घ्या, माझं काही म्हणणं नाही, कुठल्याही देशात बनलेला घ्या, पण बाजू बघून घ्या. ओव्हरटेक करताना शेजारी बसलेल्याचे डोळे उसने घ्यावे लागतील, कारण तुम्ही कडेच्या बाजूला बसलेले असाल.

आणि हे सगळं ई-क्रमांक मानणाऱ्या देशांपुरतं. अमेरिकेत जाणार असाल तर तिथले दिव्यांचे नियम वेगळे आहेत, तिथे ई१ पुढे करून उपयोग नाही. तसं असेल तर तेवढं प्रश्नात लिहा. तोवर दोन्ही काचा खालच्या कोपऱ्यापर्यंत पुसून बघा, दोन्ही, एक नव्हे. बाण आहे की नाही आणि कुठल्या दिशेला, ते खाली कळवा. पुढचं मी सांगतो.