गोधडीचा कोपरा उसवू नका

सुईदोऱ्याविषयी वाचकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं

प्रश्न : आजीनं शिवलेली गोधडी आईकडून माझ्याकडे आली. आमचं मूळ गाव देवगड तालुक्यात, मी डोंबिवलीला राहते. वरचं लुगडं मधोमध विरलंय आणि आतलं निळसर कापड दिसतं. सगळ्या गोधडीवर बारीक, सरळ टाके आहेत, पण एका कोपऱ्यात ते मोठे आणि वाकडेतिकडे आहेत. इथले टेलर म्हणतात, वरून नवीन कापड लावून मशीनवर टिपा मारून देतो, मजबूत होईल. द्यावी का? आणि तो कोपरा उसवून नीट करून घ्यावा का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कोपरा उसवू नका. हे आधी सांगते, बाकीचं सावकाश.

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे भातकापणी, झोडणी आटोपली की बायका सारवलेल्या खळ्यात गोधडी शिवायला बसायच्या. खाली-वर आईचं जुनं नऊवारी लुगडं, मध्ये बाबांची धोतरं, फाटक्या चादरी, कुणाचा सदरा. थर लावून झाले की कडांवर दगड ठेवायचे आणि कडेपासून धावदोरा घालत मध्याकडे जायचं. शेजारणी एकेक बाजू धरायच्या. जवळ घुटमळणाऱ्या पोरीला कोपरा मिळायचा. कोपऱ्यात थर जाड, सुई आरपार जाता जात नाही, बोटाला अंगुस्ताना मोठा होतो, म्हणून टाका लांब पडतो आणि वाकडा जातो. माझे पहिले टाके आईच्या गोधडीच्या अशाच एका कोपऱ्यात आहेत. आईनं ते उसवले नाहीत. स्वतःची ओळ त्यांच्या शेजारून वळवून पुढे नेली.

तुमच्या गोधडीतला कोपरा बहुधा तुमच्या आईचा, नाहीतर एखाद्या मावशीचा असणार. त्या हयात असतील तर गोधडी मांडीवर देऊन विचारा. फोनवर विचारू नका. टाक्यांवरून बोट फिरलं की माणसाला जे आठवतं ते नुसतं विचारून आठवत नाही.

दुरुस्तीला हात घालण्याआधी गोधडी उलटी करा आणि दिवसाउजेडी नीट बघा. आई म्हणायची, "सुलट्यार सगळ्यांचाच बरा दिसता गो, उलट्यार बघ." शिवणाऱ्या बाईची सवय उलट्या बाजूला सापडते. दोरा संपल्यावर गाठ वरच ठेवलीय की सुई थरांत घालून शेपूट आत ओढलंय? एका ओळीत टाक्यांची चाल मध्येच बदलते का? बदलत असेल तर तिथून दुसरी बाई शिवायला बसली. माझ्या आजीच्या शेवटच्या गोधडीत टाके एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे लांबत गेलेत, ओळी एकमेकींत शिरल्यात. तिला मोतीबिंदू झाला होता आणि तिनं तो कुणाला सांगितला नव्हता. गोधडी उलटी केली तेव्हा मला ते कळलं. अशा गोधडीवर मशीनच्या टिपा मारल्या तर हे सगळं झाकून जातं, म्हणून माझा विरोध आहे. टेलरचं काम वाईट असतं म्हणून नव्हे.

दुसरं कारण अगदी व्यवहाराचं. मशीनची टीप अगदी दाट पडते आणि दोरा बहुतेक पॉलिएस्टरचा असतो. झिजलेल्या सुती कापडापेक्षा तो बळकट. ओढ बसली की दोरा तुटत नाही, कापड त्या ओळीवर कापलं जातं.

आता ते निळसर कापड. बाहेर ओढून काढू नका, पण भोकातून दिसतंय तेवढं निरखून बघा. देवगड, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी या भागातली कितीतरी माणसं मुंबईच्या गिरणगावात, कापड गिरण्यांत कामाला होती. माझे बाबाही. गणपतीला घरी येताना पिशवीत गिरणीचे कटपीस असायचे, लाँगक्लॉथचे, पॉपलीनचे, रंगीत पट्ट्यांचे. चांगल्या तुकड्यांची आमची झबली, परकर होत, उरलेले गोधडीत जात. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि बाबा गावी आले ते कायमचेच. त्यानंतरच्या आमच्या गोधड्यांत नवं कापड नाही, जुन्याचंच जुनं आहे. टेरिकॉटचा तुकडा दिसला तर गोधडी साधारण १९७० नंतरची समजा. सगळे थर सुती असतील तर ती आणखी जुनी असू शकेल. आजीच्या घरातलं कुणी मुंबईला होतं का, कुठल्या खात्यात होतं, हेही आईला विचारून घ्या.

दुरुस्ती अशी करा. ठिगळासाठी वापरून मऊ झालेलं सुती कापड घ्या, जुनी सुती साडी उत्तम. नवीन घ्यायचं तर आधी धुऊन खळ काढा आणि ते आटू द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ठिगळ आकसून गोधडी ओढेल. विरलेला भाग कापू नका. ठिगळ त्याच्यावर ठेवा, कडा आत दुमडा, विरलेल्या भागाच्या चार बोटं पलीकडे, जिथे लुगडं अजून धड आहे तिथपर्यंत न्या आणि हेम घाला. मग ठिगळावरून आजीच्या ओळी जिथे होत्या त्याच वाटेनं धावदोरा घाला. दोरा सुती, मेणावरून ओढून घेतलेला. रंग आजीच्या दोऱ्याहून वेगळा घ्या. तुमची नात पुढे कधीतरी ही गोधडी उलटी करील तेव्हा तिला आजीचे टाके कुठले आणि तुमचे कुठले हे कळायला हवं.

(कडेपासून मध्याकडे शिवण्याची पद्धत आपल्यापुरतीच नाही. घाटापलीकडे कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंदी म्हणजे त्यांची गोधडी शिवतात, त्याही कडेपासून सुरू करतात. चार कोपऱ्यांवर त्या कापडाच्या त्रिकोणी घड्यांचं फूल लावतात, त्याला फुल्ला म्हणतात. त्यांचं काम कुठे बघायला मिळालं तर चुकवू नका.)

वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं दाबून रंग जातो का बघा. जात नसेल तर टबात रिठ्याच्या पाण्यात बुडवून हातानं दाबत धुवा, पिळू नका. ओली गोधडी फार जड होते, दोरीवर टांगली तर स्वतःच्याच वजनानं टाके तुटतात. गावी आम्ही व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर धुऊन कातळावर पसरायचो. तुम्ही गच्चीत चादर घालून त्यावर पसरा. आणि ती वापरा. थंडीत अंगावर घ्या.

प्रश्न : आईनं भरतकाम केलेले उशीचे अभ्रे पत्र्याच्या ट्रंकेत होते. त्यांना गंजाचे डाग पडलेत. साबणानं जात नाहीत.
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : तुमच्या परसात बिंबलाचं, म्हणजे त्या आंबट हिरव्या फळाचं झाड असेलच, नसलं तर शेजारी असेल. बिंबल चिरून तिचा रस फक्त डागावर चोळा, थोडा वेळ ठेवा आणि भरपूर पाण्यानं धुऊन काढा. तिच्यातलं आम्ल गंज सोडवतं, पण कापडात राहिलं तर सूतही कमजोर करतं. म्हणून धुण्यात कुचराई नको. भरतकामाच्या रंगीत दोऱ्याला रस लागू देऊ नका, आधी उलट्या बाजूच्या एखाद्या शेपटावर लावून रंग बदलतो का ते बघा. डाग दोऱ्यावरच असेल तर राहू द्या. ब्लीच अजिबात नको, गंजाचा डाग त्यानं आणखी पक्का होतो.

अभ्रे पुन्हा ट्रंकेत ठेवायचेच तर आतून जुन्या, खळ नसलेल्या सुती कापडाचा जाड थर घाला. खळीला कसर लागते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आपल्या दमट हवेत आत पाणी धरतं आणि बुरशी येते. डांबरगोळ्या ठेवल्यात तर पुरचुंडीत, कापडाला न लागता. पावसाळा सरला की सगळं काढून सावलीत वारा द्या आणि घडी वेगळ्या रेषेवर घाला. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर घडी राहिली की कापड तिथेच तुटतं.

प्रश्न : आमची आई पायमशीनवर गावातल्या मुलांचे शाळेचे गणवेश शिवायची. त्यावर आम्ही भावंडं शिकलो. मशीन आता पडवीत आहे, चाक फिरतच नाही. मुलीला त्यावर शिकायचंय. मशीन चालू होईल का, की नवीन मोटारवालं घ्यावं?
– एक वाचक, दापोली

उत्तर : चालू होण्याची शक्यता खूप आहे. जुन्या काळ्या मशीनचं डोकं बिडाचं असतं. ते सहसा मोडत नाही, चिकटतं. आपल्याकडे चिकटण्याचं कारण पुष्कळदा खोबरेल असतं. घरात हाताशी असलेलं तेल घातलं जातं, ते सुकून डिंक होतं, त्यावर खारा वारा आणि धूळ.

आधी शटल, बॉबीन काढून आत दोरा अडकलाय का बघा. मग पट्टा काढा, म्हणजे जाम डोकं आहे की पायटा हे कळेल. डोक्याच्या प्रत्येक तेलाच्या भोकात थोडं रॉकेल सोडा, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी हातचाक स्वतःकडे हलक्या हातानं फिरवून बघा. जोर लावू नका. सुटलं की रॉकेल पुसून काढा आणि मशीनचंच तेल घाला. अंगावरच्या सोनेरी वेलबुट्टीला रॉकेल लागू देऊ नका, ती निघून येते. चामड्याचा पट्टा सुकला असेल तर नवीन घाला, सुई तर नवीनच हवी. पायट्याच्या धुऱ्यांनाही तेल द्या, लोक ते विसरतात. एवढं करूनही डोकं हललं नाही तर मेकॅनिकला बोलवा.

मुलीला पहिल्या दिवशी दोरा ओवून देऊ नका. पट्टा चढवून, बिनदोऱ्याची सुई लावून, वहीच्या रेघांच्या कागदावर रेघेवरून चालवायला सांगा. पाय आणि हात जुळायला हाच उत्तम उपाय आहे, आणि भोकांवरून रेघ कुठे सुटली ते तिचं तिला दिसतं. नवीन मोटारीच्या मशीनवर वेग आधी येतो आणि हात मागे राहतो. जून उजाडण्याआधी रात्र रात्र गणवेश शिवणारी तुमची आई तो वेग पायानं कमीजास्त करत होती. मुलीनं तेच शिकावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. आजीच्या क्रोशाच्या सुया मिळाल्यात. मला शिकायचंय, पण मित्र हसतात.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मित्रांना पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत मिरकरवाड्याच्या बंदरावर घेऊन जा. जाळी दुरुस्त करणाऱ्या पुरुषांचे हात बघू दे त्यांना. दोऱ्याच्या गाठीवर घर चालतं तिथे.

आजीच्या सुया बारीक असतील, लेसच्या. त्या नीट ठेव, त्यांची वेळ येईल. सुरुवातीला अडीच ते तीन मिलिमीटरची सुई आणि जाड पांढरा सुती दोरा घे. पांढऱ्यावर टाका स्पष्ट दिसतो, काळ्यावर शिकताना डोळे फुटतात. पहिले काही दिवस फक्त साखळी घाल, सगळ्या कड्या सारख्या येईपर्यंत. नंतर चौकोनी रुमाल. गोल रुमालात प्रत्येक फेरीला टाके वाढवावे लागतात, ते मोजणं अंगवळणी पडल्यावर कर. आजीनं केलेला एखादा रुमाल घरात असेल तर तो समोर ठेव आणि मध्यापासून तिच्या फेऱ्या मोज. तिनं कुठे टाके वाढवले ते तुला त्यातच सापडेल.