टर्बोची खुळखुळ: वायसरने भागेल की टर्बो उतरवावा लागेल?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या (एक्झॉस्टच्या) जोरावर इंजिनात जास्त हवा भरणारं यंत्र. पावसाळ्यानंतर त्याच्या आवाजाबद्दल बरीच पत्रं आली. एकाच दुखण्याची ती सगळी या अंकात एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझी २०११ची स्कोडा लॉरा १.८ टीएसआय आहे, १ लाख १४ हजार किमी झाले. घोडबंदर रोडच्या रांगेत दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की डब्यात खिळे हलवल्यासारखी खुळखुळ येते. जोर दिला की बंद. पिकअप ठीक आहे, इंजिनाचा दिवा लागलेला नाही. एका गॅरेजमध्ये सरळ टर्बो बदला म्हणाले. घरच्या घरी स्वस्तात काही होईल का?
— एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : पिकअप शाबूत आहे आणि दिवा नाही, तेव्हा टर्बो बदलण्याची घाई करू नका. तुम्ही केलेलं वर्णन वेस्टगेटचं, म्हणजे टर्बोचा दाब सांभाळणाऱ्या झाकणाचं वाटतं, पण आधी खात्री करा. टर्बोवरचा उष्णतारोधक पत्रा हुबेहूब असाच वाजतो. त्याच्या बोल्टभोवतीचं भोक गंजून मोठं होतं आणि पत्रा नाचायला लागतो. गाडी थंड असताना पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करा. तो खणखणला तर बोल्टखाली मोठा एसएस (स्टेनलेस स्टील) वायसर टाका. दहा रुपयांत विषय संपतो.

पत्रा घट्ट असेल तर मग वेस्टगेट. टर्बोच्या गरम बाजूला एक छोटं झाकण असतं. दाब हवा तेवढा झाला की ते उघडतं आणि उरलेला एक्झॉस्ट टर्बाइनला, म्हणजे टर्बो फिरवणाऱ्या चाकाला, वळसा घालून सायलेन्सरकडे जातो. झाकण बाहेरच्या खटक्याला जोडलेलं असतं, खटका रॉडला आणि रॉड अ‍ॅक्च्युएटरच्या, म्हणजे हवेच्या दाबाने रॉड ढकलणाऱ्या डबीला. चार सिलिंडरच्या इंजिनात २००० आरपीएमला झाकणावर सेकंदाला साधारण ६७ धक्के बसतात. सांध्यात ढिलाई झाली की प्रत्येक धक्क्याला टण. जोर दिल्यावर रेटा एका दिशेने टिकून राहतो, ढिलाई एका बाजूला दबून बसते, म्हणून आवाज थांबतो. पाय उचलला की झाकण धड बंदही नसतं आणि धड उघडंही नसतं, तेव्हा ते वाजतं.

ढिलाई तीन जागी असू शकते आणि सगळं काम नेमकी कुठली जागा आहे यावर अवलंबून आहे. पहिली जागा रॉडचं टोक आणि खटक्याची पिन. दुसरी, खटक्याचा दांडा जिथून टर्बोच्या आत जातो तो बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी. तिसरी आत, झाकण आणि त्याच्या हाताच्या मधली. घरी बरी होते ती पहिली. दुसरीला लेथ लागतो, तिसरीला टर्बो उतरवावा लागतो.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. लॉरात टर्बो इंजिनाच्या मागच्या बाजूला, फायरवॉलकडे असतो. टॉर्च आणि हँडलवाला छोटा आरसा घ्या. खालून जायचं असेल तर जॅकवर भिस्त ठेवू नका, दोन घोड्या (जॅक स्टँड) लावा आणि मागच्या चाकांना विटा. इंजिन चालू करून ऐकायचं असेल तर गाडी सोसायटीच्या बेसमेंटमधून उघड्यावर आणा. बंद जागेत एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

साहित्य असं लागेल : प्रेशर गेजवाला हातपंप आणि ४ मिमीची रबरी नळी. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा वापरायचा मोह होतो, पण तो ३०० मिमी पाऱ्यापर्यंतच जातो, म्हणजे जेमतेम ०.४ बार. तेवढ्यात बऱ्याच गाड्यांचा रॉड हलतही नाही. पंक्चरवाल्याची हवा तर नकोच, डबीतला पडदा फाटेल. याशिवाय व्हर्नियर (बारीक मापं घेणारी पट्टी), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), पांढरा मार्कर, बारीक स्क्रू ड्रायव्हर, आणि पिनेच्या मापाचे पातळ एसएस ३०४ वायसर. पिन ६ मिमीची असेल तर आतला व्यास ६, बाहेरचा १२, जाडी ०.२, ०.३ आणि ०.५ मिमी, प्रत्येकी दोन. सोबत एक वेव्ह वायसर, म्हणजे लाटेसारखा वळवलेला स्प्रिंगी वायसर, तोही एसएसचाच, आणि एक नवी ई-क्लिप, म्हणजे रॉडचं टोक पिनेवर अडवणारी इंग्रजी ई आकाराची क्लिप. वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापेच्या एमआयडीसी पट्ट्यात एसएस नट-बोल्टची दुकानं आहेत, तिथे चौकशी करा. पंप आणि मोजमापाची हत्यारं सोडली तर हे सगळं शे-दोनशे रुपयांचं काम.

आधी मोजा, मगच सोडा. डबीची नळी काढून पंप जोडा, दाब हळूहळू वाढवा. रॉड कुठल्या आकड्याला हलू लागतो तो लिहून ठेवा. १ बारच्या वर जाऊ नका. दाब अर्धा मिनिट टिकला पाहिजे. उतरत गेला तर पडदा गळतोय आणि मग वायसरचा उपयोग नाही. रॉडवरच्या नटाला मार्करने खूण करा, उघड्या आट्यांची लांबी व्हर्नियरने मोजून ठेवा.

मग पंपाने रॉड दोनेक मिमी पुढे ढकलून धरा, म्हणजे पिनेवरचा ताण जाईल. ई-क्लिप उडते आणि थेट इंजिनाखालच्या पत्र्यात गायब होते. आधी खाली फडकं पसरा. रॉडचं टोक पिनेवरून काढलं की तिन्ही ढिलाया वेगवेगळ्या तपासता येतात. टोकाच्या भोकात ड्रिलचा मागचा गुळगुळीत भाग घालून बघा. ६ मिमीच्या पिनेला ६.५ मिमीचं ड्रिल सहज जात असेल तर भोक अर्धा मिमी झिजलंय. खटका वर-खाली ढकला, तिरका डुलला तर बुश गेलाय. खटका हळूच गोल फिरवा. झाकण टेकण्याआधी आत वेगळी टिक् ऐकू आली तर दोष आतला.

दोष पिनेवर असेल तर पिनेच्या मुळाशी सपाट वायसर, त्यावर वेव्ह वायसर, मग रॉडचं टोक, शेवटी ई-क्लिप. वेव्ह वायसर पुरता दाबला गेला असतानाही ०.१ ते ०.१५ मिमी फट राहिली पाहिजे, फीलर गेजने बघा. फट शून्य केली तर थंड असताना छान वाटेल, पण गरम झाल्यावर सांधा आवळेल आणि झाकण अडकेल. आवाज करणाऱ्या वेस्टगेटपेक्षा अडकलेला वेस्टगेट कितीतरी वाईट.

काम झाल्यावर पुन्हा पंप लावा. रॉड हलायला लागण्याचा दाब पूर्वीच्या आकड्याच्या ०.०५ बार आत यायला हवा. दहा वेळा दाब देऊन सोडा, रॉड दर वेळी झटकन परत आला पाहिजे. रेंगाळला तर वायसर जाड झालाय, ०.२ मिमीने कमी करा.

फोक्सवॅगन समूहाच्या काही टीएसआय टर्बोंसाठी याच जागी बसणारी तयार स्प्रिंग-क्लिप मिळते. तुमच्या टर्बोच्या नंबरला जुळणारी मिळाली तर वायसरच्या खटाटोपापेक्षा ती बरी. भोक अर्ध्या मिमीहून जास्त झिजलं असेल तर मात्र क्लिपही फार टिकत नाही, रॉडचं टोकच बदलावं लागतं.

प्रश्न : माझ्या जुन्या स्विफ्ट डिझेलच्या वेस्टगेट रॉडला फिटरने एक साधी स्प्रिंग ओढून बांधली. दोन महिने शांतता होती, आता आवाज परत आला. मी रॉडचा नट आवळून बघू का? गाडी ७५ पीएसची आहे.
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : नट आवळू नका, निदान अंदाजाने तरी नाही.

स्प्रिंग का मेली ते सोपं आहे. हार्डवेअरच्या दुकानातली स्प्रिंग साध्या कार्बन पोलादाच्या तारेची असते. १२० अंशांच्या वर ती हळूहळू ताण सोडते आणि टर्बोच्या घराजवळ त्याहून कितीतरी जास्त तापतं. ती जितके दिवस चालली, तितके दिवस ती झाकण बंद ठेवणाऱ्या बाजूला जादा ओढत होती. आवाज गेला तो ढिलाई दबली म्हणून, बरी झाली म्हणून नव्हे. झिप-टाय, रबर, एम-सील, तांब्याची तार हे सगळे त्याच वाटेने जातात, फक्त लवकर.

आता नट. दाबाने चालणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरचा रॉड आखूड केला की झाकण जास्त जोराने बंद राहतं. एम-६ आट्याला नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे १ मिमी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्याने झाकण उघडण्याचा दाबच बदलतो. टर्बो ठरल्यापेक्षा जास्त हवा भरतो, मग स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या यंत्रावर) पी ०२३४ हा कोड येतो आणि गाडी ताकद कापते. उलट बाजूला फिरवलं तर पी ०२९९, म्हणजे दाब कमी. डिझेलवर जादा दाबाची भरपाई हेड गॅस्केट करतं, आणि तो खर्च स्प्रिंगच्या हिशोबात नव्हता.

मुळातच ताण कमी झाला असेल तरच रॉडला हात लावा. थंड गाडीत रॉडचं टोक पिनेवरून काढा. भोक पिनेच्या १ ते २ मिमी अलीकडे थांबलं आणि हाताने ओढल्यावर पिनेवर बसलं तर ताण ठीक आहे. न ओढताच बसत असेल तर अर्धा फेरा आवळा, पंपाने मोजा, गरज असेल तर पुन्हा अर्धा. मूळ खूण आणि कंपनीने दिलेला उघडण्याचा दाब समोर ठेवल्याशिवाय एका फेऱ्याच्या पुढे जाऊ नका. ढिलाई पिनेत असेल तर वरच्या उत्तरातले वायसरच करा.

प्रश्न : अर्टिगा डीडीआयएस २००. हीच खुळखुळ. वेस्टगेटची क्लिप कुठे मिळेल?
— एक वाचक, कळवा

उत्तर : कुठेही नाही, कारण तुमच्या गाडीला वेस्टगेट नाही. १.३ डिझेलच्या ९० पीएस, २०० एनएमच्या अवतारात आतली पाती फिरवून दाब सांभाळणारा टर्बो आहे. वेस्टगेट ७५ पीएसवाल्यात. टर्बोला बाहेर रॉड आणि डबी दिसते, म्हणून घोटाळा होतो. आधी उष्णतारोधक पत्रा आणि सायलेन्सरचे हँगर तपासा. पात्यांच्या यंत्रणेत घरी वायसर घालण्याजोगं काहीच नाही.

प्रश्न : माझ्या पेट्रोल टर्बोला इलेक्ट्रिक अ‍ॅक्च्युएटर आहे. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभर खडखड, मग बंद. शिवाय पावसाळ्यात गाडी तीन आठवडे उभी होती, नंतर एकदा पी ०२९९ आला. ग्रीस लावू का?
— एक वाचक, उलवे

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत.

गार इंजिनावर गाडीचा संगणक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणारा डबा) लवकर तापावा म्हणून बऱ्याच गाड्यांत झाकण मुद्दाम उघडं धरतो. उघडं झाकण धक्क्यांत डुलतं, म्हणून वाजतं. मिनिटभरात थांबत असेल आणि महिन्यागणिक वाढत नसेल तर काही करू नका. दर सर्व्हिसला कान द्या, पुरे.

पी ०२९९चं कारण बहुधा दांड्यावरचा गंज. खाडीकाठची खारी दमट हवा आणि उभी गाडी, म्हणजे खटक्याचा दांडा बुशात चिकटतो. ग्रीस मात्र नको. साधं लिथियम ग्रीस १९० अंशांच्या आसपास वितळून वाहतं, मग जळून काळा खर होतो आणि दांडा आणखी आवळतो. गाडी पूर्ण थंड असताना बुशाच्या कडेला गंज सोडवणारं तेल थेंब थेंब सोडा, अर्धा तास थांबा, शक्य असेल तर रॉड सुटा करून खटका हाताने पन्नासेक वेळा हलवा. शेवटी निकेलची किंवा सिरॅमिकची उच्च तापमानाची अँटी-सीझ (भाग चिकटू न देणारी) पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढी. पहिल्या फेरीला तेल जळून वास येईल. बॉनेट उघडं ठेवून उघड्यावर दहा मिनिटं चालू द्या आणि अग्निशामक जवळ असू द्या.

इग्निशन चालू केल्यावर इलेक्ट्रिक अ‍ॅक्च्युएटर स्वतःची चाचणी घेतो आणि रॉड अचानक हलतो. बोटं दूर, आणि काम सुरू करण्याआधी त्याचा वायरचा प्लग काढा. रॉड सुटा केला असेल किंवा क्लिप बसवली असेल तर स्कॅनरने अ‍ॅक्च्युएटरची टोकं, म्हणजे पूर्ण बंद आणि पूर्ण उघडी जागा, पुन्हा शिकवावी लागतात, नाहीतर झाकण बंद झालं की नाही हे संगणकाला चुकीचं कळतं. साधा ब्लूटूथ स्कॅनर कोड वाचतो, पण हे काम बहुतेकांना जमत नाही.

प्रश्न : आतलं झाकण ढिलं आहे असं कळलं. टर्बो उतरवून झाकण हाताला वेल्डिंगने पक्कं केलं तर? आणि काहीच केलं नाही तर तुटून टर्बाइनमध्ये जाईल का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : वेल्डिंग नको. झाकणाला किंचित डुलायची मुभा मुद्दाम दिलेली असते, म्हणूनच ते आपल्या बैठकीवर सपाट बसतं. पक्कं केलं की एका कडेने टेकतं, दुसरीकडून एक्झॉस्ट गळतो आणि पिकअप उशिरा येतो. टर्बो उतरवलाच असेल तर झाकण-हात जोडी नवी घ्या, बुश नवा बसवून दांड्याच्या मापाला रीम करून (भोक नेमक्या मापाचं घासून) घ्या, आणि मॅनिफोल्डचे (टर्बोला एक्झॉस्ट पोचवणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे) स्टड व गॅस्केट त्याच वेळी बदला. जुने स्टड निम्मे तरी काढतानाच तुटतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : झाकण टर्बाइनला वळसा घालणाऱ्या वाटेवर असतं. तुटलंच तर तुकडा टर्बाइनच्या चाकात न जाता पुढे कन्व्हर्टरकडे पडतो. मात्र त्या क्षणापासून टर्बो दाब धरत नाही आणि गायमुखच्या चढावर गाडी बिनटर्बोची असल्यासारखी चालते.