आमच्या घराण्यात कुणालाच हिमोफिलिया नाही, मग बाळाला कसा झाला? खरचटलं तरी जिवावर बेतेल का?

दहा महिन्यांचं बाळ रांगायला लागलं, अंगावर निळ्या गाठी दिसल्या, तपासणीत हिमोफिलिया निघाला आणि सासरी म्हणतात 'हे तुमच्या माहेरचं'. ताई, तुमचा प्रश्न वाचून गलबललं. सोळा वर्षांपूर्वी हेच वाक्य मी सिडकोतल्या आमच्या घरात ऐकलंय. माझ्या मुलाला तीव्र हिमोफिलिया ए आहे.

रक्त गोठवणारी प्रथिनं असतात, त्यांना फॅक्टर म्हणतात. आठवा कमी असला तर हिमोफिलिया ए, नववा कमी असला तर बी. दोन्हींची जनुकं एक्स गुणसूत्रावर, आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. यात दोष कसला? शिवाय साधारण तीनांतल्या एका रुग्णाच्या घरात आधी कुणालाच नसतो, जनुकात बदल नव्यानेच झालेला असतो. ग्रहण पाळलं नाही, गरोदरपणात अमुक खाल्लं, याचा काडीचाही संबंध नाही. तुमची तपासणी मात्र करून घ्या. वाहक बाईचाही, म्हणजे जिच्या एका एक्सवर हा बदल असतो तिचाही, फॅक्टर कमी असू शकतो, पाळीत अंगावरून फार जातं, आणि ते 'बायकांचं असतंच' म्हणून अंगावर काढलं जातं.

खरचटल्याला घाबरू नका. या मुलांचं रक्त जोरात वाहत नाही, जास्त वेळ वाहतं. लहान जखम दाबून धरली की बहुतेक वेळा थांबते. खरं नुकसान आत होतं, गुडघा, घोटा, कोपर इथे.

माझा मुलगा चार वर्षांचा असताना एका संध्याकाळी म्हणाला, "आई, गुडघ्यात मुंग्या चालतायत." दिवसभर खेळलाय म्हणून मी तेल लावून चोळून दिलं. सकाळी गुडघ्याची वाटी दिसेना, कातडी ताणून चकचकीत झालेली, पाय सरळ होईना. त्या मुंग्या म्हणजे सांध्यात रक्त उतरायला लागल्याची खूण होती आणि मी वर चोळलं, याचं आजही वाईट वाटतं. साचलेल्या रक्तातल्या लोहाने सांध्याचं अस्तर सुजतं, सुजलेलं अस्तर पुन्हा सहज रक्त सोडतं, आणि या फेऱ्यात कूर्चा झिजत जाते. आज त्याला पंगतीत मांडी घालून बसता येत नाही.

डोक्याला मार लागला तर लक्षणांची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. तापाला पॅरासिटामॉल चालतं; अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको. स्नायूत सुई टोचण्याआधी, लसीच्या वेळीसुद्धा, आजार सांगायचाच.

नाशिकला सिव्हिलमध्ये हिमोफिलियाचं डे-केअर आहे, तिथे नाव नोंदवा. आठवा फॅक्टर शिरेतून दिला की साधारण बारा तासांत निम्मा संपतो, म्हणून तीव्र आजारात रक्तस्राव होण्याआधीच आठवड्यातून दोन-तीनदा देतात. ए असेल तर कातडीखाली टोचायचं एमिसिझुमॅब नावाचं औषधही आहे, त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. काही मुलांचं शरीर दिलेल्या फॅक्टरलाच विरोध करू लागतं, त्याची तपासणी अधूनमधून करावी लागते.

रोज अंघोळीआधी पालथ्या हाताने दोन्ही गुडघे, घोटे, कोपरं लावून बघत जा. एक बाजू गरम लागली किंवा बाळ तो पाय टेकवेना, तर सुजेपर्यंत थांबू नका.

रिपोर्टवर फॅक्टरची टक्केवारी किती लिहिलीय? एकच्या खाली म्हणजे तीव्र. बघून सांगा, पुढचं बोलू.