लिएंडर पेसने एकेरीचं एकमेव विजेतेपद जिंकलं, ती न्यूपोर्टची स्पर्धा नेमकी काय आहे?

तुम्ही विचारलंय की पेसचं एकेरीतलं एकमेव एटीपी (म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस दौऱ्यावरचं) विजेतेपद ‘न्यूपोर्ट’चं असं वाचलं; तर ही स्पर्धा किती जुनी, तिचं नाव फारसं ऐकू का येत नाही, आणि आता ती बंद पडली हे खरं का.

व्यावसायिक स्पर्धा म्हणून ती १९७६ ची. पण ज्या हिरवळीवर ती होते, तिथे १८८१ पासून टेनिस खेळलं जातंय. बंद पडलेली नाही, पण २०२४ नंतर तिचा दर्जा एक पायरी खाली आला. आता जरा सविस्तर सांगतो, कारण ही जागा माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. नोकरीनिमित्त मी काही वर्षं बॉस्टनजवळ राहत होतो. तिथून न्यूपोर्ट गाडीने दीड-दोन तासांवर. विम्बल्डन संपलं की पुढच्याच आठवड्यात ही स्पर्धा असायची, आणि एखादा तरी दिवस काढून मी जायचोच.

न्यूपोर्ट हे ऱ्होड आयलंड राज्यातलं समुद्रकाठचं गाव. तिथल्या बेलव्ह्यू अ‍ॅव्हेन्यूवरून चालताना तुम्हाला फक्त दुकानांची एक जुनी रांग दिसते. त्या रांगेच्या मधोमध कमानीखालून वाट आत जाते. आत पाऊल टाकलं की घोड्याच्या नालेच्या आकाराची एक हिरवळ समोर येते. भोवती लाकडी जाळीचे गोलाकार सज्जे, आणि भिंतींवर माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसवलेल्या लाकडी चकत्या. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला आत असं काही असेल याचा पत्ताच लागत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बराच वेळ तिथेच उभा राहिलो होतो.

या वास्तूचं नाव न्यूपोर्ट कॅसिनो. गोव्याच्या मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी डोळ्यांपुढे आणू नका, जुगाराशी तिचा संबंध नाही. त्या काळी मनोरंजनाच्या क्लबला हा शब्द वापरत. ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ या वृत्तपत्राचे मालक जेम्स गॉर्डन बेनेट यांनी ती बांधून घेतली आणि १८८० च्या उन्हाळ्यात ती उघडली. न्यूपोर्टमध्ये अशी आख्यायिका सांगतात की बेनेटच्या एका इंग्रज लष्करी मित्राने पैजेखातर घोडा थेट गावातल्या प्रतिष्ठित क्लबच्या पडवीत घातला. क्लबवाले भडकले, तेव्हा बेनेटने ‘मग मी माझाच क्लब काढतो’ म्हणून ही जागा उभी केली.

पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, अमेरिकेची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा इथे झाली. आज आपण जिला यूएस ओपन म्हणतो, तिचा जन्म या गवतावरचा. पहिला विजेता १९ वर्षांचा रिचर्ड सिअर्स, आणि तो सलग सात वर्षं जिंकत राहिला. १९१४ पर्यंत ही स्पर्धा न्यूपोर्टलाच होती. इथला शेवटचा विजेता रिचर्ड नॉरिस विल्यम्स, ‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हा त्या बोटीवर असलेला आणि वाचलेला. थंडगार पाण्यात राहून त्याचे पाय इतके बधिर झाले होते की ते कापायची भाषा निघाली होती. त्याने नकार दिला, आणि दोन वर्षांनी त्याच पायांनी धावून तो अमेरिकेचा अजिंक्य खेळाडू झाला. १९१५ ला स्पर्धा न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सला गेली. न्यूपोर्टला मागे उरली ती हौशी खेळाडूंची एक निमंत्रितांची स्पर्धा, जी १९६७ पर्यंत चालली.

मधल्या काळात ही वास्तू पाडून तिथे नवी दुकानं काढायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. ती वाचली ती जिमी व्हॅन अ‍ॅलन या माणसामुळे. १९५४ मध्ये त्यांनी तिथे टेनिसचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचं सन्मान-दालन, सुरू केलं. आणि तुम्ही आज जो टायब्रेकर बघता, म्हणजे ६-६ झालेला सेट एकाच खास गेममध्ये निकाली काढायची पद्धत, तो मुळात त्यांच्याच डोक्यातला. त्याआधी सेट ६-६ झाल्यावर दोन गेमचं अंतर पडेपर्यंत खेळत राहायचं, संध्याकाळचं वेळापत्रक कोलमडायचं, प्रेक्षक कंटाळून उठून जायचे, याचा त्यांना मनस्वी राग होता. व्यावसायिक खेळाडूंना मोठ्या स्पर्धांचे दरवाजे बंद होते त्या काळात, १९६५ मध्ये, त्यांनी १० हजार डॉलरचं बक्षीस लावून व्यावसायिकांनाच न्यूपोर्टला बोलावलं आणि आपली नवी गुणपद्धत त्यांच्याकडून खेळवून घेतली. पाच वर्षांनी, १९७० मध्ये, यूएस ओपनने टायब्रेकर स्वीकारला.

मग १९७६. का १९७६? यूएस ओपनने १९७५ मध्ये गवत सोडून क्ले कोर्ट (मातीचं कोर्ट) धरलं होतं. अमेरिकेतल्या मोठ्या टेनिसमधून गवत जवळपास नाहीसं होत असताना न्यूपोर्टने हट्टाने त्याच जुन्या हिरवळीवर व्यावसायिक स्पर्धा उभी केली. आणि तिचा पहिला विजेता कोण? आपला विजय अमृतराज. अंतिम सामन्यात त्याने ब्रायन टीचरला हरवलं. १९८० ला तो पुन्हा जिंकला, अँड्र्यू पॅटिसनविरुद्ध. १९८४ ला तिसऱ्यांदा, टिम मेयॉटविरुद्ध. बरोबर चार-चार वर्षांच्या अंतराने. आशियातला खेळाडू अमेरिकेतल्या एका स्पर्धेच्या विजेत्यांच्या यादीत पहिलं नाव म्हणून कोरला गेलाय, हे आपल्याकडे किती जणांना माहीत असेल? तिथल्या भिंतीवरची यादी वाचताना माझा गळा दाटून आला होता. महिलांची स्पर्धाही ऐंशीच्या दशकात तिथे रंगायची. १९८४ ला मार्टिना नवरातिलोवा आणि १९८५ ला ख्रिस एव्हर्ट जिंकल्या होत्या.

आता पेसकडे येऊ. जुलै १९९८, वय २५. तोवर अटलांटाचं ऑलिंपिक कांस्यपदक त्याच्या नावावर होतं, आणि १९९५ मध्ये दिल्लीच्या गवतावर डेव्हिस करंडकात (देशांच्या संघांमधल्या स्पर्धेत) क्रोएशियाच्या गोरान इव्हानिसेविचला दोन सेटच्या पिछाडीवरून हरवल्याचं आख्ख्या देशाने पाहिलं होतं. न्यूपोर्टच्या अंतिम सामन्यात त्याने दक्षिण आफ्रिकेच्या नेव्हिल गॉडविनला ६-३, ६-२ असं सरळ सेटमध्ये हरवलं. (हाच गॉडविन पुढे केविन अँडरसनचा प्रशिक्षक झाला, आणि अँडरसनने २०२१ मध्ये न्यूपोर्ट जिंकलं.) मूळच्या गोव्याच्या वेस पेस यांच्या या मुलाला हीच स्पर्धा का पावली, ते गवतावर उभं राहिल्याशिवाय नीट कळत नाही.

तिथली कोर्टं उन्हाळ्यात कुणालाही भाड्याने मिळतात. एका ऑगस्टात मी आणि माझ्या मित्राने तासभर घेतलं होतं. बूट सपाट तळव्याचेच लागतात. पहिल्या दहा मिनिटांत लक्षात आलं की पुण्यात सिमेंटवर शिकलेलं पाऊल इथे उपयोगाचं नाही. चेंडू कमरेपर्यंत येईल म्हणून थांबावं, तर तो घोट्याशी सरपटत निघून गेलेला असतो. टप्पा पडल्याचा आवाजसुद्धा वेगळा, उशीवर थाप मारल्यासारखा. अशा ठिकाणी मागे थांबणाऱ्याचं काही खरं नसतं. सर्व्हिस केली की नेटकडे धावायचं आणि टप्पा पडूच द्यायचा नाही. पेसचे हात आणि त्याची नेटजवळची चपळाई याच खेळासाठी होती.

म्हणूनच न्यूपोर्टच्या विजेत्यांत असे सर्व्हिस आणि व्हॉलीवाले (टप्पा पडायच्या आत चेंडू मारणारे) भरपूर सापडतील: ग्रेग रुसेडस्की तीनदा, निकोला माहू, इव्हो कार्लोविच, मॅक्सिम क्रेसी. सगळ्यात जास्त, चार वेळा, जॉन इस्नर. मला यातली एक गोष्ट फार लोभस वाटते. २०१० मध्ये विम्बल्डनला इस्नर आणि माहू यांच्यात जो सामना झाला, त्याचा शेवटचा सेट ७०-६८ पर्यंत गेला, कारण त्या सेटला टायब्रेकर नव्हता. आणि तेच दोघं पुढे टायब्रेकरच्या जनकाच्या अंगणात न्यूपोर्टच्या विजेत्याचा व्हॅन अ‍ॅलन करंडक उचलून गेले.

नाव फारसं ऐकू न येण्याचं कारण तारखांत आहे. विम्बल्डननंतर अव्वल खेळाडू विश्रांती घेतात, किंवा युरोपात क्ले कोर्टवर जातात. न्यूपोर्टला येणारे बहुतेक मधल्या फळीतले, किंवा गवतावर जीव असलेले. अग्रमानांकित खेळाडूला तर ही स्पर्धा २०११ पर्यंत कधीच जिंकता आली नव्हती. त्याला ‘कॅसिनोचा शाप’ म्हणत, आणि तो इस्नरने मोडला. २००९ ला अव्वल मानांकित मार्डी फिश डेव्हिस करंडकासाठी निघून गेला, त्याच्या जागी पात्रता फेरीत हरलेला राजीव राम लकी लूझर म्हणून आत आला, आणि त्याने एकेरी आणि दुहेरी दोन्ही जिंकली.

मी स्वतः पाहिलेला सगळ्यात जिवाला लागलेला सामना २०१८ चा अंतिम. रामकुमार रामनाथन विरुद्ध स्टीव्ह जॉन्सन. बऱ्याच वर्षांनी एक भारतीय एटीपीच्या एकेरीच्या अंतिम फेरीत होता, आणि आम्ही आसपासच्या गावांतून आलेले वीसएक जण एकाच कोपऱ्यात बसलो होतो. आठवडाभर खेळून बेसलाइनजवळचं गवत झिजून तपकिरी झालेलं. जॉन्सनचा बॅकहँड स्लाइस तिथे पडला की चेंडू उठायचाच नाही. रामकुमार प्रत्येक वेळी गुडघा जवळजवळ जमिनीला टेकवून तो वर उचलायचा. दुसरा सेट त्याने घेतला तेव्हा माझ्या शेजारच्या तमिळ काकूंनी माझा हात घट्ट धरला होता. तिसरा मात्र हातून निसटला.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. एटीपीने मोठ्या स्पर्धा लांबवल्या आणि २५० दर्जाच्या, म्हणजे दौऱ्यावरच्या सगळ्यात खालच्या पायरीच्या, स्पर्धा कमी करत नेल्या, त्यात न्यूपोर्टही गेलं. बालेवाडीची आपली महाराष्ट्र ओपन जानेवारी २०२३ नंतर पुण्यातून गेली, तेव्हा जे वाटलं तेच पुन्हा वाटलं. २०२४ चा जुलै हा न्यूपोर्टचा एटीपी दौऱ्यावरचा शेवटचा आठवडा. त्याच आठवड्याच्या शनिवारी, २० जुलैला, विजय अमृतराज आणि लिएंडर पेस यांना तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये सामावून घेतलं गेलं, आशियातले पहिले दोन पुरुष म्हणून. दुसऱ्या दिवशी मार्कोस गिरोनने अंतिम सामना जिंकला.

२०२५ पासून तिथे जुलैतच पुरुषांची चॅलेंजर (मुख्य दौऱ्याच्या खालच्या पायरीची) आणि महिलांची तशीच १२५ दर्जाची स्पर्धा होते. कधी बोस्टन-न्यूयॉर्ककडे जाणं झालं तर एक दिवस राखून ठेवा, आणि बाहेरच्या कोर्टांच्या कठड्याला टेकून बघा. तिथून खेळाडूच्या बुटाखाली गवत करकरलेलंही ऐकू येतं.